दुसरा अल्बम

सलमाबादला, गॅरेजांच्या मागच्या रांगेत,
रेडिएटरची खोकी सरकवून
आम्ही पहिला अल्बम केला.
तन्झील गायचा, ड्रमवर एल्रॉय,
गिटार निरामयकडे, बेस माझ्याकडे,
आणि खिडकीत एक म्हातारा एसी.
तो बंद करायची सोय नव्हती.
ऑगस्टात बंद केला की दुसऱ्या कडव्यापर्यंत
एल्रॉयच्या घामेजल्या हातातून काठी निसटायची.

एसीला स्वतःचा सूर होता.
पांढरी पाचच्या जरा वर,
काळी चारच्या बराच खाली.
शेवटी तारा आम्हीच त्याच्याशी जुळवल्या.
ठरवून नाही. पाहुण्यानं दाराशी चपला काढाव्यात
तसं.

बँडचं नाव मुदतवाढ.
अल्बमचं, ‘चौथा मजला, लिफ्ट नाही’,
कारण निरामयची गुदैबियातली खोली तशीच होती.
गाणी लहान लहान.
एक, पाण्याचे कॅन वर चढवण्याचं.
एक, कॉजवेवर गाडीत बसून संपलेल्या शुक्रवारचं.
एकात तर तन्झीलच्या अम्मीचा म्हसळ्याहून आलेला निरोपच:
बांगडा महाग झालाय, तू जेवलास का,
पंखा दुरुस्त करून घेतला.
कुवेतच्या एका नर्सनं कळवलं,
रात्रपाळीहून येताना बसमध्ये हेच ऐकते,
मागे घरघर आहे ती काढू नका.

आम्ही हसलो होतो.

दुसऱ्यासाठी पैसे जमले.
एसी विकला, सहा दिनार.
त्यात स्टुडिओच्या पहिल्या दिवशी सगळ्यांना शवर्मा.
भिंतींना काळा फोम, जाड काच,
तासाचे तेवीस दिनार.
इंजिनियर हुसाम, सभ्य माणूस,
अभिमानानं म्हणाला, इथे काहीही ऐकू येत नाही.
खरंच आलं नाही.
या देशात इतकी शांतता
फक्त वीज गेल्यावर होते,
आणि तेव्हा लोक जिन्यात येऊन उभे राहतात.

अल्बमचं नाव ‘क्षितिज’.
कुणी सुचवलं, ते आता कुणीच कबूल करत नाही.
गाण्यांत समुद्र आला.
इतकी वर्षं तो पार्किंगच्या पलीकडे होता,
त्याच्यावर एक ओळ लिहिली नव्हती आम्ही.
आता ध्रुवपदागणिक लाटा.
तन्झीलचे आजोबा जहाजावर सारंग,
उभ्या हयातीत लाट हा शब्द त्यांनी
शिवी दिल्यासारखा उच्चारला असेल.
आणि हा ओळ संपताना डोळे मिटू लागला.
निरामयनं कॉम्प्युटरमधली चार व्हायोलिनं घातली.
मी गप्प बसले.
हे नोंदवून ठेवते, मी गप्प बसले,
कारण मला माझा बेस
पहिल्यांदाच स्वच्छ ऐकू येत होता
आणि तो मला आवडला होता.

कुणी वाईट म्हटलं नाही.
म्हटलं असतं तर भांडलो असतो.
छान झालंय, म्हणाले,
मुलीला बघून गेलेले लोक म्हणतात तसं,
आणि पुन्हा फोन आला नाही.
नर्सनं अंगठा पाठवला. एकच.

हूराच्या कोल्ड स्टोअरवर मोइदू बसतो.
मराठीतलं त्याला फक्त ‘जेवलास का’ येतं,
आमच्या गाण्यातून शिकलेलं.
त्यानं बिलं करत करत अख्खा अल्बम ऐकला.
मग म्हणाला, क्लीन आहे,
आणि शंभर फिल्स परत दिले.

परवा ताक घ्यायला गेले तर
त्याचा फोन आइस्क्रीमच्या फ्रीजवर ठेवलेला,
आणि त्यात आमचंच पाचवं गाणं,
ज्याच्याबद्दल आम्ही आपसातही बोलत नाही.
फ्रीज खालून घरघरत होता.
तन्झीलचा आवाज त्याला टेकला,
व्हायोलिनं मागे सरली,
बेस किंचित बेसूर वाटला,
आणि मी बाटली हातात धरून उभी,
अर्धं कडवं,
फार तर पाऊण.

मग कॉम्प्रेसर थांबला, थांबतो तसा.
लाटा आल्या.
मोइदू म्हणाला, जेवलास का?
मी म्हटलं, जेवलीस.
बाईमाणसाला जेवलीस म्हणायचं, मोइदू.
त्यानं मान डोलावली
आणि गाणं बदललं.