सतरा नंबर

हा राघू हिरवा नाही.
चुलीतल्या राखेचा रंग,
आणि शेपटी तेवढी निखारा.

खोक्यावर लिहिलं होतं : कोंबड्या.
आत एकशे बारा,
त्यातले सदतीस थंड पडलेले.

मेंगे एकेकाला टॉवेलात गुंडाळते,
पामतेल लावून पिसांवरचा चीक सोडवते.
पंख कोयत्याच्या एका फटक्यात छाटलेले.
ते खुंट भूल देऊन उपटावे लागतात,
तेव्हा कुठे नवं पीस फुटतं.
सात महिने. कधी वर्ष.

नव्या पोराला ती शिकवते :
डोळा काळा म्हणजे अजून पिल्लू,
पिवळा झाला की जाणता.
हा डावखुरा, दाणा डाव्या पायात धरतो.
आणि हिच्या शेजारची जागा मोकळी ठेव,
जोडीदार सदतिसांत गेला,
ती तिथे कुणाला बसू देत नाही.

दिवेलागणीला जाळीमागे
जंगल बोलू लागतं.
ज्याने जे शेवटचं ऐकलं, ते :
करवतीची घरघर,
चढावर अडलेली मोटारसायकल,
कुणाचा तरी सिगारेटचा खोकला.
मग सतरा नंबर शीळ घालतो.
दोन लांब, एक तुटकी.

मेंगेच्या हातातली बादली कलंडते.

नदीवरून एसोला तिला अशीच हाक द्यायचा.
पुढचा दात अर्धा,
म्हणून तिसरी शीळ तुटायची.
सहा वर्षं तो घरी फिरकला नाही.
आई सांगते, लाकडाच्या कंपनीत आहे, बरं चाललंय.
पैसे येतात.

पोपटपंची म्हणजे
अर्थ न कळता बोलणं.
खरंच, सतरा नंबरला काय ठाऊक
तो कुणाचं नाव घेतोय.

फॉर्मवर एक रकाना आहे : पकडणाऱ्याबद्दल माहिती.
मेंगे तो कोरा ठेवते.
पण त्या रात्रीपासून, सगळे गेले की,
जाळीला तोंड लावून
उलट शीळ घालते, लहानपणीची :
एक लांब, चढत जाणारी.
म्हणजे, ऐकलं. ये आता, जेवण निवतंय.
सतरा नंबर मान तिरकी करतो.
बुबुळ बारीक होतं, मोठं होतं.

नवव्या महिन्यात दार उघडलं.
आधी कुणीच हललं नाही.
मग सगळे एकदम.

आता नदीपलीकडे, कुठल्या तरी झाडाखाली,
फांदीला चीक चोपडून
एसोला दबा धरून बसला असेल.
वरून शीळ येईल,
दोन लांब, एक तुटकी. आपलीच.
तो हसेल कदाचित.

आणि मग दुसरी.