गिझरमधलं गार पाणी

जुलैत गच्चीवरची टाकी अशी तापते
की गार नळाखाली हात भाजतो.
म्हणून मुहर्रकमधले आम्ही भाडेकरू
मे महिन्यातच गिझर बंद करतो
आणि त्यात निवलेलं पाणी
गरम नळातून गार म्हणून घेतो.
उलटंच सगळं. सवय होते.

त्याच पाण्याखाली चार्वीच्या काखेत
मला पहिला दिसला.
भिजल्या साबुदाण्याएवढा, चकचकीत,
मधोमध टाचणी टोचल्यासारखी खळी.
घामोळं असेल, म्हटलं.
आठवड्यात अकरा झाले.

डॉक्टर हनाननी भिंग धरलं.
विषाणू आहे, म्हणाल्या, लहान मुलांत फिरतो,
आपला येतो, आपला जातो.
किती दिवसांत?
त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं,
जणू तिथे तारीख लिहिली होती.
"वर्ष धरून चाला. कधी जास्तही."
मग नर्सला अरबीत काही सांगितलं, त्यात लूलू आलं.
लूलू म्हणजे मोती, एवढं मला कळतं.
त्या नावाच्या दुकानातून आम्ही कांदे आणतो.

फोनवर आत्या म्हणाली, चामखीळच ती,
घोड्याचा केस बांध, आठ दिवसांत गळेल.
आत्या, इथले घोडे एसीत राहतात,
त्यांच्या शेपटीला हात लावायचा व्हिसा
माझ्याकडे नाही.

वृंदा आयसीयूत नर्स आहे.
मरण बघून घरी येते, चहा टाकते,
तीच या साबुदाण्यांपुढे रडली.
एका रात्री गुपचूप मीठ-मोहऱ्या ओवाळून
तव्यावर मिरच्या टाकल्या तिने,
आणि छतावरचा भोंगा असा कोकलला
की चौथ्या मजल्यापर्यंत सगळे जिन्यात.
"फोडणी जळली," मी सांगत सुटलो
हिंदीत, मोडक्या अरबीत, हातवाऱ्यांत.

मग नियम. पिवळा टॉवेल तिचा, तिचाच.
नखं दर शुक्रवारी. खाजवायचं नाही, फोडायचं नाही.
शीजाच्या जुळ्यांचा वाढदिवस तरणतलावावर,
ती काठावर बसली, पूर्ण बाह्यांत,
केक खात, पाय पाण्याच्या वर धरून.
एका आईने आपल्या मुलाचा हात
अलगद ओढला.
मला राग आला नाही.
जूनपर्यंत मीही ओढला असता.

लोक नावं ठेवतील ही माझी धास्ती.
तिने खरंच ठेवली.
काखेतली सगळी शाळेची बस,
गुडघ्यामागचे दोघं मामा-मामी,
हनुवटीखाली एकटा,
तो बशीरचाचा, ड्रायव्हर.
झोपताना सगळ्यांना शुभरात्री.
कधी कधी मलाही.

फेब्रुवारीत ते लालबुंद झाले, सुजले.
मी धावलो.
हनानबाई हसल्या, "छान!
शरीराने ओळखलं एकदाचं."
इतके महिने अंगावर राहून
ओळखच पटली नव्हती.

बस गेली. मामा गेले, मामी चार दिवसांनी.
एका सकाळी आरशासमोर ती उभी,
हनुवटी वर करून.
"बशीरचाचा न सांगता गेला?"
आणि भोकाड पसरलं.
ज्यासाठी नऊ महिने देवाला साकडं घातलं
त्यासाठी ती रडत होती
आणि मला समजूत घालता येईना.
इथून सगळे असेच जातात, बाळा, म्हणणार होतो:
दारात खोकी, दोन दिवसांत बिऱ्हाड रिकामं,
गेल्या महिन्यात शीजाचंही.
नाही म्हटलं. शिरा केला.

पुन्हा मे. गिझर बंद.
पिवळा टॉवेल अजून वेगळ्या खिळ्याला.
हनुवटीखाली एक खळी राहिलीय, टाचणीएवढी.
मी तिथे थांबतो, साबणाचा हात तसाच,
मोजायला काही नसताना.

"बाबा, आटप," ती म्हणते,
"गार पाणी संपेल."