चाळीस गाड्यांची जागा

कागदावर सगळं कोरडं होतं.
एकास दोनशेच्या मापात मी काढलेली
चाळीस गाड्यांची जागा, बसला वळण,
बर्चची रांग, तिच्या सावलीत सहा बाकं,
आणि काचेच्या दारापर्यंत खडीची वाट,
पट्टीने आखल्यासारखी.
पट्टीनेच आखलेली.

साल्मे आल्या रबरी बूट घालून.
एकतीस वर्षं या दलदलीत टपाल वाटलेली बाई.
त्यांनी नकाशा उलटा धरला, मग सुलटा,
मग नीट घडी घालून परत दिला.
म्हणाल्या, "चल, आमच्या सौनाची भिंत बघ."

भिंतीवर खिळ्याने ओढलेल्या रेघा.
एक माझ्या गुडघ्याशी, दोन कमरेशी,
एक थेट हनुवटीला, त्यांच्या वडलांच्या हातची.
त्या रेघेशी साल नाही. गाईचं नाव आहे.
"थकली पोहून," एवढंच बोलल्या.

"चार ऋतू सगळ्या एस्टोनियाचे.
पाचवा आमचा. बर्फ वितळतो,
नदी उठून कुरणात येते, कुरणातून अंगणात.
तुझी बस जिथे वळणार ना,
तिथे वल्हं मारत मी पेन्शनी पोचवल्यात."

तालिनला फोन केला. म्हणाले, भराव घाला, दीड मीटर.
मग पाणी कुठे जाईल?
जाईल कुठेतरी.
खिडकीतून साल्मेंची चिमणी दिसत होती.
कुठेतरी म्हणजे तिथे.

रात्री खोडरबर घेऊन बसले.
बर्च काढले, ओल्या पायांनी उभे राहतील असे आल्डर लावले.
वाट वाकवली एका पाइनपाशी:
माझ्या खांद्याएवढं झाड, वय दीडशेच्या घरात,
शेवाळाने जन्मभर अर्धपोटी ठेवलेलं.
गाड्यांची जागा राहू दिली,
फक्त समासात लिहिलं: एप्रिलमध्ये नदीची.
दार चढवलं खांबांवर,
आणि जिन्याच्या सातव्या पायरीला एक लोखंडी कडी.
मंजुरीच्या बैठकीत कुणीतरी विचारलं,
ही कसली कडी?
होडी बांधायला, म्हटलं.
हसले. खर्च किरकोळ होता, म्हणून राहिली.

दुसऱ्याच वसंतात पाणी आलं.
रीगाहून आलेलं एक जोडपं फोनवर चिडलं,
पार्किंग सापडत नाही म्हणून.
त्यांच्यासमोरच होतं ते,
वर ढग, आणि दोन हंस निवांत.
बाकं साखळीला हिसके देत तरंगत होती,
दावणीच्या वासरांसारखी.

साल्मे होडीतून आल्या. कडीला दोर बांधला,
तिकीट मागणाऱ्या पोराला म्हणाल्या, "आधी मोज."
मग खिशातून खिळा काढला
आणि लार्चच्या नव्याकोऱ्या भिंतीवर,
जिचा रंग ठरवायला राइनला चार महिने लागले होते,
एक आडवी रेघ ओढली. बाजूला साल.

राइन आमचा आर्किटेक्ट.
त्याला अजून सांगितलेलं नाही.