स्थिर निळा

डोंगरावरचा मनोरा होता तसाच उभा आहे,
फक्त एका मंगळवारी पहाटे त्याने
छप्पन्न नंबर सोडून पंचेचाळीस धरला.
आवाज झाला नाही.
मेंढ्यांनी मान वर केली नाही.
मोकळी झालेली जागा फोनांना दिली म्हणतात,
ज्या फोनांना ह्या दरीत
एकही दांडी येत नाही.

मी व्हॅन घेऊन पोर्तुगालच्या ह्या वरच्या कोपऱ्यात
गावोगाव हिंडतो.
व्हाले दि ऊर्झिश : सतरा धुराडी, पाच धूर.
दार वाजवायचं, रिमोट मागायचा
(तो प्लास्टिकच्या पिशवीत असतो, वर रबर,
जणू सोवळ्यातला),
मेनू, शोध, होय.
काम तीन मिनिटांचं, आणि वर एक तास,
कारण कॉफी पाजल्याशिवाय कुणी सोडत नाही.

एतेल्विनाबाई, वय ब्याऐंशी.
म्हणाल्या, पूर्वी बिघडायचा तर कळायचं तरी.
आधी मुंग्या यायच्या,
मग बातम्या देणाऱ्याच्या खांद्यापाशी
त्याचंच एक भूत उगवायचं,
वारा सुटला की चेहरा वाहून जायचा
पण आवाज मागे राहायचा बराच वेळ.
माझा नवरा गेला तसा. हळूहळू.
आता हे तुमचं –
आहे, आहे, आहे, आणि नाही.

डिजिटल आहे बाई, असंच असतं,
मी म्हणालो. दिवसातून दहादा म्हणतो.

एकोणीस दिवस त्या रोज साडेसातला
टीव्ही लावून बसत होत्या, विणकाम घेऊन,
'सिग्नल नाही' एवढंच लिहिलेल्या
निळ्या पडद्यासमोर.
तक्रार का नाही केलीत?
मला वाटलं तिकडेच काही झालं असेल, लिस्बनला.
आवरलं की लावतील.

तक्रार माझ्या खिशात होती.
तिच्यावर नाव ओढ्यापलीकडच्या घराचं,
अमांदियू, ज्याच्याशी बाईंचं
पाटाच्या पाण्यावरून बिनसलं
त्याला छत्तीस वर्षं झाली;
दोघांत विस्तव जात नाही.
त्याच्याकडे डिश आहे, त्याचं काही बिघडलं नव्हतं.
सकाळी मला अंगणातच गाठून म्हणाला :
तिची खिडकी माझ्या खिडकीसारखीच लुकलुकते.
जाहिराती लागल्या की दोन्हीकडे उड्या मारतो उजेड.
आता एकोणीस रात्री तो हललेला नाही.
पहिल्या रात्री मी कोट चढवला होता.
मग सकाळी तिचा धूर दिसला.
म्हणजे ती आहे, चित्र गेलंय.
माझं नाव काढू नका.

शिडी लावली. अँटेना गंजलेली,
एका काडीवर चिमणीच्या घरट्याचा काथ्या.
थोडी डावीकडे, अजून थोडी.
मनोरा बरोबर अमांदियूच्या छपरामागे,
तेव्हा तिला तिकडेच तोंड करावं लागतं,
आणि लागत होतंच, इतकी वर्षं.
खालून बाई ओरडल्या : आला! गेला! आला!
मग काहीच ओरडल्या नाहीत.

उतरलो तर त्या स्वयंपाकाचा कार्यक्रम बघत होत्या,
कॉड मासा, बटाटे, कुणीतरी हसणारं.
कुणी कळवलं तुम्हाला?
कंपनीने.
त्यांनी टाके मोजले, एक उसवला, पुन्हा घातला.
कंपनीला सांगा,
तिचा टीव्ही फार मोठ्याने असतो, इथवर येतो.
दारापर्यंत सोडायला आल्या तेव्हा म्हणाल्या,
पण कमी करू नको म्हणावं.

वळणावर व्हॅनचे दिवे बंद करून थांबलो.
हिच्या खिडकीत उजेड बदलायचा,
दीड सेकंदाने त्याच्या.
डिशचा वेग तेवढा मागे असतो,
त्यावर माझ्याकडे इलाज नाही.

उद्या खालचं गाव. चार घरं.
एकात फक्त कुत्रा आहे म्हणतात, पण नाव यादीत आहे.