करपलेल्या भाताचं पाणी

आयविंद आणि टोरुन आले तेव्हा
दोन ट्रंका होत्या, एक पायपेटी,
आणि आमच्या भाषेतली चार वाक्यं,
त्यांतली दोन चुकीची.
मिशनने मला नेमलं : रोज सकाळी दोन तास,
महिन्याला अर्धं पोतं तांदूळ, वर रॉकेल.
माझं नाव वुआहांगी.
आयविंद ते म्हणण्याआधी घसा खाकरायचा,
ओढा ओलांडण्याआधी विजार वर करावी तसा.

पहिल्याच दिवशी टोरुन अंगणात उकिडवी बसून
पातेलं घासत होती, राखेनं, मग नखांनी,
कानापर्यंत लाल होऊन.
भात तळाला लागला होता.
मी पातेलं काढून घेतलं, पाणी ओतलं,
परत चुलीवर चढवलं.
हे आम्ही पितो, म्हटलं. मुद्दाम करपवतो.
रानुवुला. चांदीचं पाणी.
तिने एक घोट घेतला,
आणि शहाण्या पाहुणीसारखा
दुसरा घेतला नाही.

त्यांना जड गेले ते काळ.
आमच्यात गेलेलं असतं डोळ्यांपुढे, कारण ते दिसतं.
येणारं असतं पाठीमागे,
पाठीला डोळे कुणाला आहेत?
आयविंद फळ्यापाशी स्वतःभोवती फिरला :
म्हणजे मी उद्याकडे उलटा चालतोय?
सगळेच, मी म्हटलं.
हे प्रवचनात घेतो, म्हणाला. घेतलंही.
हात उंचावून मागे दाखवला,
आणि स्वर्ग गेला देवळामागच्या
रासुआंच्या डुकरांत.
मंडळी गंभीर बसून राहिली.
हसली ती फाटकाबाहेर.

शनिवारी टॅक्सी-ब्रूस.
टपावर कोंबड्या, गाद्या, एक सायकल, पायपेटी.
आत बावीस माणसं, आणि टोरुनच्या मांडीवर
कुणाचं तरी पोर, उतरताना विचारू असं.
पूल वाहून गेला की सगळे चालायचे
तांबड्या चिखलातून, वशिंडाच्या बैलांमागून,
पोरं ओरडायची, वझाहा! वझाहा!
आयविंदही ओरडायचा, वझाहा!
आणि पोरं विचारात पडायची.
पायपेटी माझा भाऊ डोक्यावर घ्यायचा.
आठ मैल. तिचे दोन स्वर
त्या पावसाळ्यात गेले, ते परत आले नाहीत.

जूनमध्ये पत्र आलं, पाच आठवडे जुनं.
तिचे वडील. पुरूनही झालेलं.
ती टेबलाशी येऊन बसली,
म्हणाली, चला, क्रियापदं.
मी 'जाणे' सोडून
'विणणे' घेतलं.
वहीत तिने सगळी रूपं लिहिली, एकही चूक नाही.

ऑगस्टच्या थंडीत आमची कबर उघडायची होती.
आई आत सात वर्षं.
मिशनचा कागद होता : कामगारांनी जाऊ नये.
ती दोघं आली, निलगिरीखाली थांबली,
वाट चुकलेल्या माणसांसारखी.
वाजंत्री, रम, कापलेला बैल, नातवंडांची रांग.
आईला आम्ही चटईवर घेतलं, नवं रेशीम गुंडाळलं.
मी तिला सांगितलं : तांदूळ महाग झालाय,
धाकटीला मुलगी झाली, नाक तुझं आहे.
टोरुन कधी जवळ आली कळलं नाही.
तू रडत नाहीस, ती म्हणाली.
रडले होते. आज भेटायचं आहे.
ती बराच वेळ चटईकडे बघत होती.
मग विचारलं,
माझ्या बाबांना कोण गुंडाळेल?

मला उत्तर आलं नाही.
दोन वर्षांत तिचा पहिला प्रश्न,
ज्यात व्याकरणाची चूक नव्हती.
आयविंद बुटांकडे बघत होता.
मग त्याने टोपी काढून खिशात कोंबली,
आणि मामांनी खांदा बदलायला मागितला
तेव्हा दिला.

त्याबद्दल त्याने मिशनला काय लिहिलं
मला माहीत नाही. पाकीट मीच टपालात टाकलं,
हलकं होतं.

सोमवारी टोरुनने वही उघडलीच नाही.
भात किती करपवायचा? म्हणाली.
वास येईपर्यंत, मी म्हटलं. मग आणखी जरासा.
आम्ही दोघी चुलीपाशी बसून राहिलो.
आयविंद आतून ओरडला,
काहीतरी जळतंय!
हो, ती म्हणाली,
आमच्याच भाषेत. जळू दे.