एकेचाळीस

फोन आला तेव्हा मी गुलाबांचे काटे काढत होते.
बाई टूसॉनहून बोलत होती, ॲरिझोना.
ऑर्विल टेशकडे फुलं पाठवायची आहेत, म्हणाली,
आणि पत्ता सांगू लागली.
मी म्हटलं, राहू दे.
व्हेस्टा ग्रोव्हमध्ये पत्त्यावर कुणी जात नाही.
उत्तरेच्या रस्त्याला लागायचं,
वीज पडून काळवंडलेला सायलो दिसला
की वळायचं.

मग कानावरची पेन्सिल काढून
नेहमीचं विचारलं:
कोण गेलं?

आमच्याकडे फुलं उगाच कुणी पाठवत नाही.
पोरं शाळेच्या नाचाला निघतात तेव्हा मनगटापुरती,
मे महिन्यात आईला, चर्चमधून येताना, घाईत,
आणि मग एकदम ढीगभर,
ज्याला वास घेता येत नाही त्याला.

ती थांबली जरा.
कुणी नाही, म्हणाली. गायी.
एकेचाळीस. आज दुपारी ट्रक येतोय.
मी त्याची धाकटी बहीण, आयरीन.
त्याचे गुडघे गेलेत,
आणि दुधाचा टँकर आता एका गोठ्यासाठी
एवढा वळसा घ्यायला तयार नाही.

सत्तावीस वर्षं मी या टेबलाशी उभी आहे.
गायींसाठी कुठली फुलं द्यायची
हे मला कुणी शिकवलेलं नाही.
लिली नको, लिली म्हणजे सरळ शवपेटी.
गुलाब दिले तर ऑर्विल कोठारात लपून बसेल.
शेवटी दुकानातलं काहीच घेतलं नाही.
मागच्या दाराने गेले आणि माझ्याच वाफ्यातल्या झिनिया कापल्या,
सप्टेंबरातल्या, जरा धुळकट, रंगाने मात्र भांडखोर,
आणि कुंपणाकडेचं गवत, मूठभर,
बी धरलेलं.

कार्डावर काय लिहू?
फोनमध्ये नुसता पंखा घरघरत राहिला.
मग म्हणाली, लिहा,
उद्या साडेचारला उठू नकोस.
मग म्हणाली, नको, खोडा ते.
तो उठणारच.
लिहा, मीही उठेन.

टूसॉनमध्ये तेव्हा अडीच वाजलेले असतात.
मी बोलले नाही काही. लिहिलं.

संध्याकाळी व्हॅन घेऊन गेले तर घराला कुलूप,
कुत्रा पायरीवर, भुंकलासुद्धा नाही.
गोठ्यात रेडिओ चालू होता,
सोयाबीनचे भाव सांगत होता रिकाम्या दावणींना.
रेडिओ लागला की गायी पान्हा सोडतात,
असं याचे वडील म्हणायचे.
ऑर्विल नळीने फरशी धूत होता.
धुऊन झालेलीच फरशी.

मला पाहिलं, हातातली फुलं पाहिली,
नळ बंद केला, टोपी काढून छातीशी धरली
आणि विचारलं,
कोण गेलं, मार्लिस?

मी कार्ड दिलं.
चष्मा नव्हता, त्याने हात लांब करून वाचलं,
मग आणखी लांब केला,
जणू अंतर वाढवलं की अक्षर बदलेल.
वेडी आहे ती, म्हणाला.
लहानपणी तिला धार काढायला उठवायचं
तर पाय धरून ओढावं लागायचं.

फुलदाणी कुठली असणार तिथे.
त्याने दुधाची बादली घेतली, विसळली,
सवयीने दोनदा विसळली,
आणि झिनिया ठेवल्या, खुंटीला लटकलेल्या
पितळी बिल्ल्यांच्या खाली.
सतरा नंबरचा बिल्ला तेवढा नव्हता.
मी विचारलं नाही.
त्याच्या शर्टाचा खिसा जड दिसत होता.

किती झाले, म्हणाला. बहिणीने दिलेत, म्हटलं.
ते त्याला पटलं नाही.
फ्रीजमधून बरणी काढून माझ्या हातात दिली,
सकाळचं आहे, म्हणाला,
आणि पुन्हा नळ सोडला.

दोन दिवस मी ती बरणी उघडली नाही.
वर बोटभर साय धरली.
तिसऱ्या दिवशी अंधारातच जाग आली,
कॉफी केली, त्यात घातलं.
नासलं नव्हतं.
घड्याळाकडे मी मुद्दामच पाहिलं नाही.