कॉलर तेवढी घेतली

निफाडला पारा पाचावर उतरला त्या रविवारी
गंगापूर रोडच्या एका बंद पडलेल्या पतपेढीत
शलाका खैरनारने आपले कोट टांगले होते.
कॅशियरच्या जाळीला हँगर,
तिजोरीच्या खोलीत आरसा.
ट्रायल रूम म्हणे. दार अजून तेच, अर्ध्या टनाचं.

मी औषधाच्या दुकानात उभी असते.
थंडी म्हणजे मला खोकल्याची बाटली, व्हॅसलीन,
आणि ह्यांचा जुना स्वेटर,
कोपराला भोक पडलेला.

पहिलाच कोट घोंगडीचा.
काळा, पण मेंढीचा काळा, डब्यातल्या रंगाचा नव्हे;
खिडकीशी धरला की आतला तपकिरी जागा होतो.
हात फिरवला तर टोचला.
अस्तर मात्र येवल्याच्या मागावर उरलेलं रेशीम,
जांभळं, गार, माशासारखं निसटणारं.
बाहेरून खडूस आणि आतून लाड:
असा माणूस मी एकच पाहिला,
आमचे जुने मालक बेंडकुळे. उधारी कधी लिहिली नाही त्यांनी.

"घालून तर बघा, ताई," शलाका म्हणाली,
ओठांत टाचण्या, गळ्यात टेप.
घातला.
वीस वर्षांपूर्वी कुठेतरी ठेवून विसरलेले खांदे
सापडले.

मग डोकं सुटलंच.
सकाळी सहाला, स्कूटरवर, गोदेवरच्या धुक्यातून,
बटणं हनुवटीपर्यंत, खाली रोजचाच पंजाबी.
संध्याकाळी तोच कोट उघडा सोडायचा,
आत वन्संच्या लग्नातली मोरपिशी पैठणी,
काठ दिसेल न दिसेल इतपत.
पायात बूट? बूटच.
मिसळ खायला मात्र नको, तर्रीचा भरवसा नाही.
तिथे ती मोहरीरंगी बंडी, तीन खिशांची,
डाग पडला तर डिझाइन वाटेल.
बिनबाह्यांची राखाडी केप दुकानात चालेल:
वरच्या फळीवरचं सिरप काढताना
दोन्ही बाजूंनी पंख उघडतील,
गिऱ्हाईक दचकेल.
दचकू दे.

मफलर तर साडेतीन हात.
एकदा गुंडाळला तर मफलर, डोक्यावरून घेतला तर टोपी,
आणि पदरासारखा कमरेला खोचला तर
त्याला काय म्हणायचं, ते शलाकालाही ठाऊक नव्हतं.
"नाव तुम्हीच ठेवा," म्हणाली.
अजून सुचलेलं नाही.

कोपऱ्यात एक जॅकेट होतं, वर्तमानपत्राच्या छाप्याचं.
"आमच्या पिंपळगावला थंडीत घडांना कागद गुंडाळतात ना,
लहानपणी मला वाटायचं, द्राक्षांना स्वेटर घालतात."
छाप्यात कांद्याचे भाव, दशक्रियेचं निवेदन,
आणि पाठीवर, बरोबर मणक्यावर,
एका उपवर मुलीची उंची: पाच फूट दोन.
आरशात मान वळवून मी ती वाचली.
माझीही तेवढीच.
दिलेली होती तेव्हा, अशीच, कागदात.

कोटाची चिठ्ठी उलटली. अठरा हजार पाचशे.
महाग नाही म्हणणार मी.
एक काजं पाहिलं होतं जवळून,
हातानं घातलेलं, टाक्याला टाका भिडलेला;
एवढ्या चिकाटीनं मी फक्त एक्स्पायरीच्या तारखा बघते.
पण अठरा हजार पाचशे.
परत टांगताना सगळी बटणं लावली.
थंडीत उघडं कसं टाकायचं कुणाला.

कॉलर तेवढी घेतली. सुटी, घोंगडीची,
मागे तेच जांभळं रेशीम, साडेनऊशे.
सोमवारी पांढऱ्या एप्रनवर चढवली.
दहाच्या सुमारास सिडकोचे खैरे आजोबा आले,
दम्याचा पंप घेतला, पैसे मोजले,
पुन्हा मोजले, मग माझ्या गळ्याकडे बघून म्हणाले,
"मान धरली का हो, बाई?"

"नाही," म्हटलं, "स्टाईल आहे."

त्यांनी आपली कानटोपी काढली,
काचेत बघून जराशी तिरकी करून
पुन्हा घातली.